रथाचा क्लच

मागच्या जयंतीला आमच्या चाळीचा रथ करी रोडच्या पुलाच्या चढावर दोन हात मागे आला. दोन हात म्हणजे किती, तर मागे लेझीम खेळणाऱ्या मुली ओरडून बाजूला झाल्या एवढं. कुणाला लागलं नाही, तसबीर हलली नाही, झेंडूची एक माळ तेवढी तुटली. लोकांनी मागून खांदे लावले, गाडी पूल चढली आणि मिरवणूक नेहमीसारखी मैदानापर्यंत गेली. पण आमच्याकडे एक नेम आहे. चौदा एप्रिलला रथ एकदा चाळीच्या कमानीतून बाहेर पडला की तो मागे घ्यायचा नाही. वळणावर अडकला तर माणसं मागची बाजू उचलून तो तिरका करतात, पण रिव्हर्स गिअर टाकत नाहीत. हा नेम कुणी घातला ते कुणाला माहीत नाही. का घातला ते आमच्यात कुणाला विचारावं लागत नाही; रथ पुढं नेता आला नाही तरी मागे जाऊ देऊ नका, असं सांगणाऱ्याचीच तसबीर त्यावर असते.

रथ म्हणजे माझ्या पप्पांची पिकअप. वर्षभर ती गिरगाव आणि परळच्या छापखान्यांना कागदाची रिमं पोचवते. एप्रिलमध्ये चार दिवस तिच्यावर लाकडी चौथरा बसतो, निळं कापड लागतं, वर तसबीर चढते, आणि पप्पा दाढी करून, पांढरा शर्ट घालून स्टिअरिंगवर बसतात. असं चोवीस वर्षं चाललं आहे. आधी त्यांचा टेम्पो होता, गेली तेरा वर्षं ही पिकअप. गाडी बदलली, ड्रायव्हर बदलला नाही. मी अकरावीत असताना त्यांना पहिल्यांदा त्या शर्टात बघितलं आणि वर्गात आठवडाभर मिरवले.

त्या दिवसानंतर पप्पांना कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर पप्पांनी त्यांना चार सुनावले असते आणि प्रकरण मिटलं असतं. पण लोक जिन्यात भेटले की चहाचं विचारायचे, गुडघ्याचं विचारायचे, गाडीचं विचारायचे नाहीत. मी लग्नानंतर शीवला राहते, परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि सुटल्यावर चाळीत डोकावते. वर्षभर मी बघत होते, पप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे ती पाठ रस्त्याकडे करून. खाली गाडी उभी असायची.

यंदा मार्चमध्ये मंडळाची मीटिंग झाली. मंडळाचा सेक्रेटरी माझ्याच वर्गातला, त्यामुळे त्याचं मला काही कौतुक नाही. तो पप्पांच्या शेजारी येऊन बसला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "काका, मान तुमचाच आहे. पण या वेळी ट्रेलर लावूया. मोठा, जनरेटरसकट. तुम्ही हार घालून पुढं चालायचं."

"हार घालून चालायला मी काय मेलोय?" पप्पा म्हणाले.

दोघं-तिघं हसले. मग पप्पांनी हळू विचारलं, "गाडी नीट झाली तर?"

"काका, दरवर्षी नीट होतेच की," सेक्रेटरी म्हणाला.

हे वाक्य मला जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. दर मार्चमध्ये पप्पा क्लच बदलून घेत, दर एप्रिलमध्ये तो पुन्हा घसरायला लागे, आणि वर्षागणिक जास्तच. तीन गॅरेजवाले झाले होते. पण पप्पांची मान खाली गेलेली बघून माझं डोकं फिरलं आणि मी मागच्या रांगेतून उभी राहिले.

"जयंतीच्या आधीच्या रविवारी पुलावर चढवून दाखवते," मी म्हणाले. "वर बारा माणसं उभी करून, मधेच थांबवून. इंचभर मागे आली तर बोलव तुझा ट्रेलर."

"तू दाखवणार?"

"मी दाखवणार."

सगळ्यांनी मान डोलावली आणि विषय संपला. क्लच प्लेट गोल असते की चौकोनी हेही मला तेव्हा खात्रीनं माहीत नव्हतं. पण खरं सांगते, घरी जाताना मजा वाटत होती. एक्केचाळीस वर्षांच्या आयुष्यात मी इतकी मोठी फुशारकी कधी मारली नव्हती.

आमच्या लॅबच्या सॅम्पल नेणाऱ्या व्हॅनचा ड्रायव्हर म्हणाला, लालबागच्या एका गल्लीत एक मालवणी मेस्त्री आहेत, त्यांच्याकडे जा, पण ते फार प्रश्न विचारतात. मला असाच माणूस हवा होता. मेस्त्रींचं गॅरेज म्हणजे दोन इमारतींच्या मधली पत्र्याखालची जागा. एका वेळी एकच गाडी मावते. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, गाडीखाली वाकले नाहीत. पप्पांना बाजूला बसवून स्वतः गाडी भारतमाता सिनेमाच्या नाक्यापर्यंत नेऊन आणली. उतरले आणि डावी मांडी चोळत म्हणाले, "पेडल आसा की व्यायामशाळा?"

पप्पा हसले नाहीत.

मेस्त्रींनी मला समजावलं ते असं. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधलं तेल पाइपातून खालच्या सिलिंडरला ढकलतं, तो बेअरिंगला ढकलतो, आणि बेअरिंग प्लेट सोडवतं. या गाडीत तो खालचा सिलिंडर बाहेर नाही, गिअरबॉक्सच्या आत बसवलेला आहे. तिथं तो गळत होता, आणि गळलेलं तेल थेट प्लेटवर जात होतं. "गिअरबॉक्स उतरवूचो लागतलो," ते म्हणाले. "दोन दिवस." मी विचारलं, मी थांबू का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बघूचा असात तर बघ. मधी मधी बोलू नको."

मी दोन दिवसांची रजा टाकली. मुलीच्या परीक्षेला टाकली नव्हती, या गिअरबॉक्ससाठी टाकली. आमच्या घरात त्यावरून अजून बोलणं होतं.

गिअरबॉक्स उतरताना बघणं ही काय चीज आहे ते आधी कुणी सांगितलं असतं तर मी कॉलेजात दुसराच विषय घेतला असता. मेस्त्री जमिनीवर पाटावर बसून काम करत. एकेक नट सुटला की तो ज्या क्रमानं सुटला त्या क्रमानं जुन्या कॅलेंडरच्या पानावर मांडत. मी तेवढं लगेच हातात घेतलं, कारण वस्तू क्रमानं मांडणं हा माझा रोजचा धंदा. शेवटी जॅकवर तो सगळा बोजा सावकाश मागे सरकून खाली आला आणि आतून वास आला, तव्यावर विसरलेल्या भाकरीचा. पप्पांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

प्लेट निघाली. ती गोल होती. तिच्यावरचं अस्तर काळं पडून एका बाजूनं खिळ्यांपर्यंत झिजलं होतं. ज्या जाड लोखंडी चकतीवर ती टेकते, त्या चकतीवर गोलाकार निळे-जांभळे डाग पडले होते. मेस्त्रींनी त्या डागांवरून अंगठा फिरवला आणि पप्पांना विचारलं, "ही गाडी खंयच्या घाटात जाता?"

"घाटात नाही. गिरगाव, परळ, कधी दादर."

"मग ही इतकी तापली खंय?"

"लोड असतो," पप्पा म्हणाले. "कागद जड असतो."

"कागदान असा होणा नाय."

मेस्त्रींनी चहा मागवला, चहा पिऊन झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि पप्पांनी तेच उत्तर पुन्हा दिलं. मला कळेना. मिरवणुकीत चालते हे सांगायला काय हरकत होती? मग मला आठवलं, पप्पा जुने पार्ट टाकून देत नाहीत. मी तिथून तडक चाळीत गेले, पोटमाळ्यावर चढले आणि वर्तमानपत्रात बांधून ठेवलेल्या, गेल्या पाच वर्षांच्या जुन्या प्लेटा नि त्यांना दाबून धरणाऱ्या दाबप्लेटा पिशव्यांत भरून आणल्या. एवढं ओझं घेऊन जिना उतरताना शेजारच्या काकूंनी विचारलं, लग्नाची भांडी का? मी हो म्हणाले.

मेस्त्रींनी त्या सगळ्या फरशीवर ओळीनं मांडल्या. सगळ्यांवर तोच डाग, तीच झीज. एवढाच फरक की प्रत्येक वर्षाची दाबप्लेट आधीच्यापेक्षा जास्त कडक होती. मी रोज रक्ताचे नमुने बघते. एकाच पेशंटचा रिपोर्ट पाच वेळा सारखा आला की आम्ही मशिनला दोष देत नाही, पेशंट काहीतरी सांगत नाहीये असं समजतो. इथं पेशंट माझ्या शेजारी स्टुलावर बसला होता.

"मेस्त्री, ही जयंतीचा रथ असते," मी म्हणाले. "वर्षातून एक दिवस. चाळीपासून मैदानापर्यंत पाच तास, माणसाच्या चालीनं. आणि पुलाच्या चढावर थांबली की पप्पा तिला क्लचवर धरून ठेवतात. अर्धा दाबून. हँडब्रेकवर गाडी बोटभर तरी मागे बसते, आणि आमच्याकडे रथ मागे जाऊ द्यायचा नसतो."

पप्पा उठले. माझ्याकडे बघून म्हणाले, "रथावर बोट ठेवलंस तू." आणि गल्लीतून निघून गेले.

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं, आणि कळल्याचा आनंद आणि पप्पांना दुखावल्याची लाज, दोन्ही एकदम वाटलं. तेरा वर्षं पप्पा प्रत्येक गॅरेजवाल्याला कागदाचं वजन सांगत आले होते. रथामुळे गाडी बिघडली असं तोंडातून काढायचं नाही, म्हणून. जयंतीच्या नावावर खोट लावायची नाही, म्हणून. मग गॅरेजवाले काय करणार? लोड जास्त म्हणून ते दर वेळी जास्त कडक दाबप्लेट टाकत. ती कडक म्हणून पेडल जड. पेडल जड म्हणून पप्पांचा गुडघा दुखे. गुडघा दुखे म्हणून त्यांचा पाय पेडलवर पुरता दाबला जाईना आणि पुरता सुटेना. आणि तसा अर्धवट पाय असला की नवी प्लेट आणखी लवकर जळायची. मी हे मेस्त्रींना बोटांवर मोजून सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "तू माझ्याकडे कामाक लाग," म्हणाले. मला लॅबमध्ये पंधरा वर्षांत कुणी असं म्हटलेलं नाही.

त्यांनी चिठ्ठीवर यादी लिहून दिली. प्लेट, दाबप्लेट, बेअरिंग, वरचा सिलिंडर, खालचा सिलिंडर, पाइप. प्रत्येकासमोर एकच शब्द: मूळचा. खाली रेघ मारून, कडक नको. डागाळलेली चकती त्यांनी लेथवर घासायला पाठवली आणि मी टॅक्सी करून ऑपेरा हाऊसला गेले, स्पेअर पार्टच्या दुकानांत. काउंटरवरच्या शेठनी यादी बघितली, मग माझ्या मागे बघितलं, कोणी पुरुष आला आहे का ते.

"ड्रायव्हर कुठाय बेन?"

"घरी रुसून बसलाय. पार्ट मला दाखवा."

"हेवी ड्यूटी देतो. सगळे हेवीच नेतात. हा मूळचा माल कोणी नेत नाय, हलका पडतो."

"हलकाच हवाय."

"परत येणार तुम्ही."

"आले तर तुमच्याकडेच येईन," मी म्हणाले आणि जुनी प्लेट पिशवीतून काढून काचेवर ठेवली. नव्या प्लेटचे दाते तिच्या दात्यांशी जुळतात का ते मी तिथंच एकावर एक ठेवून बघितलं, मेस्त्रींनी शिकवलं होतं तसं. मोजून जुळले. शेठनी मग मला खुर्ची दिली, थम्सअप मागवला आणि खालच्या सिलिंडरचं खोकं त्यांनी स्वतः फोडून दाखवलं. परत येताना मांडीवर ते खोकं धरून बसले होते, आणि टॅक्सीवाल्याला न विचारता सगळी हकीगत सांगितली. त्यानं लालबाग येईपर्यंत आपल्या क्लचची तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं आत बसलं, गिअरबॉक्स वर गेला, नट कॅलेंडरच्या पानावरून उलट्या क्रमानं परत जागी गेले. राहिलं ते पाइपातली हवा काढणं. तेल नवं भरलं की पाइपात हवेचे बुडबुडे राहतात. ते असले तर पेडल नुसतं पोकळ खाली जातं, काही ढकलत नाही. त्यासाठी एकानं वर पेडल दाबायचं आणि एकानं खाली झोपून छोटा नट सैल करून हवा सोडायची. मी वर बसायला निघाले तर मेस्त्रींनी अडवलं.

"तू खाली जा. पप्पांका बोलव. पाय तेंचो व्हयो."

मी फोन केला. पप्पा म्हणाले, वेळ नाही. मी म्हणाले, मी गाडीखाली झोपलेय आणि मेस्त्री म्हणतात तुमच्याशिवाय क्लच लागणार नाही. दहा मिनिटांत आले. चपला घरच्याच होत्या.

मी पाठीवर पडून बघत होते. अंगात जुना पंजाबी ड्रेस, डोक्याला ओढणी, हातात पाना, नटाला लावलेली पारदर्शक नळी आणि नळीचं टोक बाटलीत. मेस्त्री माझ्या डोक्याशी उकिडवे बसले होते आणि वर ओरडत होते.

"दाबा."

"दाबलं," पप्पांचा आवाज.

"धरा. गो, सोड."

मी नट सैल केला. नळीतून फस्कन बुडबुडे आले, मागून तेल. मी नट आवळला.

"सोडा. पाय पुरतो सोडा. पेडलवर ठेव नकात."

"सोडलाय."

"नाय सोडलात. माका हयसून कळता."

असं आठ-दहा वेळा झालं. दाबा, धरा, सोड, आवळ. प्रत्येक वेळी बुडबुडे कमी. नवव्या की दहाव्या वेळी नळीतून नुसतं तेल आलं, सलग, स्वच्छ, एकही फुगा नाही. मी इतकी हरखले की नट आवळायचं विसरले आणि ते तेल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मेस्त्री कपाळाला हात लावून बघत राहिले. मी आवळला. मग वर काहीच हालचाल होईना, म्हणून मी गाडीखालून सरपटत बाहेर आले. पप्पा सीटवर नव्हते. दाराशी खाली वाकून उभे होते आणि पेडल तळहातानं दाबत होते. एका हातानं. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे.

"हातानं जातंय," ते मला म्हणाले. "हातानं जातंय गं."

त्यांचा राग कुठं गेला ते मला दिसलं नाही, पण तो तिथं नव्हता. मी तेलकट हातांनीच त्यांना मिठी मारली. तो शर्ट नंतर फेकावा लागला.

रविवारी सकाळी सातला आम्ही पुलाच्या चढावर. मंडळाचे बारा जण गाडीच्या मागच्या हौद्यात उभे, त्यात सेक्रेटरी सगळ्यांत पुढे हात बांधून. मेस्त्री पप्पांच्या शेजारच्या सीटवर, मी बाहेर, मागच्या चाकाशी, खडूनं रस्त्यावर रेघ मारून. चढाच्या मध्यावर सेक्रेटरीनं टपावर थाप मारली. गाडी थांबली. चाक रेघेवर होतं. मी वाकून बघत होते. एक मिनिट, दोन मिनिटं. चाक रेघेवरच. गाडी पुन्हा निघाली ती लोण्यासारखी, धक्का नाही, घरघर नाही. वरचे बारा जण टाळ्या वाजवायला लागले. सेक्रेटरी खाली उतरून माझ्याकडे आला.

"मानलं बाई तुला," तो म्हणाला. "ट्रेलर कॅन्सल."

मी नाचायची बाकी होते. पण मेस्त्री गाडीतून उतरले ते तोंड वाकडं करून. त्यांनी मला बॉनेटपाशी बोलावलं. वास घे, म्हणाले. मी घेतला. अगदी बारीक, पण तोच, भाकरीचा.

"दोन मिनिटा थांबले ते क्लचवरच धरून थांबले," मेस्त्री पप्पांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आज पास. पण चौदा तारखेक पाच तास असोच पाय ठेवलात तर हो पण जळतलो. पुलावरच, लोकांसमोर. थांबलात की चाकामागे लाकडाचो ठोकळो लावा, हँडब्रेक ओढा, पाय काढा. ट्रकवाले लावतत तसो."

"ठोकळा नाही लावायचा," पप्पा म्हणाले.

"कित्याक?"

उत्तर पप्पांनी घरी आल्यावर मला दिलं, चहाचा कप हातात घेऊन. "चाकामागे ठोकळा घेऊन माणूस चालवायचा म्हणजे रथ मागे येतो हे आपणच जगाला सांगितलं. चोवीस वर्षं मी पायावर धरला. कुणाला ठोकळा लागला नाही."

मी भडकले. आमच्या घरात मीच तेवढी तशी आहे. "लागला ना पप्पा. मागच्या वर्षी वीस माणसांनी खांदे लावले, ते काय होतं? चढ आहे तो. चढावर गाडी मागे येणारच, मग वर कुणाचीही तसबीर असो. तुम्ही एकट्यानं एका गुडघ्यावर सगळा रथ धरून ठेवायचा, असं कुणी सांगितलंय तुम्हाला? आणि मागे जी माणसं चालतात ती कशाला आहेत मग, नुसती नाचायला?"

पप्पांनी कप ठेवला आणि आंघोळीला गेले. मीही पर्स उचलून शीवला निघून आले. येताना मला वाटलं, जिंकलेली गोष्ट मीच माझ्या तोंडानं घालवली. त्या आठवड्यात मी चाळीत गेले नाही, आणि पप्पांचा फोनही आला नाही.

तेरा तारखेला संध्याकाळी चौथरा बसवायला गेले. गॅलरीच्या कठड्यावर वर्तमानपत्र पसरून दोन लाकडी ठोकळे वाळत ठेवले होते. तिरके कापलेले, धरायला दोरी लावलेले, आणि ऑइलपेंटनं निळे रंगवलेले. पहिला हात वाळून दुसरा दिलेला दिसत होता. पप्पा नेहमीच्या खुर्चीत होते, तोंड रस्त्याकडे.

"एक तू धर," ते म्हणाले. "दुसरा त्या सेक्रेटरीला दे. फार हात बांधून उभा असतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला रथ कमानीतून बाहेर पडला. मी डाव्या मागच्या चाकाशी, सेक्रेटरी उजव्या. थांबलं की ठोकळा चाकाखाली सारायचा आणि हौद्याच्या फळीवर दोन थापा मारायच्या, म्हणजे पप्पांना कळणार की आता पाय काढा. निघताना हॉर्न वाजला की ओढून घ्यायचा. पहिले दोन-तीन वेळा सेक्रेटरीचा ठोकळा उशिरा गेला आणि मी त्याला जयंतीच्या दिवशी बोलू नये ते बोलले. मग जमलं. लालबाग गेलं, नाका गेला, ढोल जवळ आले आणि पुढं गेले, साडीवर गुलाल नि नीळ दोन्ही बसली. कुणीही त्या ठोकळ्यांकडे वाकडं बघितलं नाही. उलट दोन म्हाताऱ्या बायकांनी ठोकळ्याला हात लावून तो हात कपाळाला लावला, तेव्हा मला हसू आवरेना.

सातच्या सुमाराला पुलाच्या चढावर पोचलो. जिथं मागच्या वर्षी मुली ओरडल्या होत्या त्याच्या थोडं वर पुढची मिरवणूक अडकली आणि आम्ही थांबलो. मी ठोकळा सारला, दोन थापा मारल्या. पलीकडून दोन थापा आल्या. हँडब्रेक ओढल्याचा आवाज आला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मी नाक वर करून वास घेतला. अगरबत्ती, झेंडू, घाम. दुसरं काही नाही.

आणि मग इंजिन बंद झालं. चोवीस वर्षांत मिरवणुकीत पप्पांनी कधी इंजिन बंद केलेलं नव्हतं. मी ठोकळा सोडून पुढं धावणार तेवढ्यात दार उघडलं आणि पप्पा खाली उतरले. पांढऱ्या शर्टाला घामानं पाठ चिकटलेली. त्यांनी वाकून माझा ठोकळा बघितला, हलवून बघितला, आणि सरळ चालत गाडीच्या मागे गेले.

मला तेव्हा उमगलं की त्यांनी हे कधी बघितलंच नव्हतं. मिरवणूक निघाल्यापासून मैदान येईपर्यंत ते सीटवर, डावा पाय पेडलवर. समोरच्या काचेतून जे दिसेल तेवढं दिसायचं, आणि दोन्ही आरशांवर झेंडे नि माळा बांधलेल्या. दिवे लावलेला आपला रथ त्यांनी बाहेरून बघितला नव्हता. आपल्या मागे कोण चालतं तेही नाही.

ते दोन पावलं उतरून थांबले, तसबिरीकडे बघितलं, मग वळले. चढाच्या खालपर्यंत, पुलाच्या तोंडापर्यंत आणि त्याच्याही मागे रस्ताभर माणसं होती. निळे झेंडे, कडेवरची पोरं, पांढऱ्या साड्यांतल्या बायकांच्या रांगा. कुणीतरी खालून गाणं धरलं होतं आणि ते रांगेरांगेनं वर येत होतं.

"इतकी माणसं असतात आपल्या मागं?" पप्पा म्हणाले. मला विचारलं की स्वतःला ते कळलं नाही. मी मान हलवली.

पुढून शिट्टी झाली. रस्ता मोकळा झाला होता. सेक्रेटरीनं पलीकडून विचारलं, "काका, घ्यायचा पुढं?"

"थांब रे," पप्पा म्हणाले. "बघू दे जरा."